‘फक्त २१ हजार किलोमीटर’ चाललेली गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या कदंब बससेवेच्या डेपोत मेकॅनिक म्हणून माझी हयात गेली. आता निवृत्त आहे, तरी नात्यात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला बोलावणं येतं. यंदा भाचा आला. त्याला चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस हवी होती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर. बार्देशात समुद्राजवळच्या एका बंगल्यात २०१८ची लाल गाडी होती. मालक बाहेरगावचे, वर्षातून दोनदा येणारे. मीटरवर २१ हजार. “मामा, गाडी नवीच आसा!” भाचा वाटेतच म्हणाला.

इंजिन थंड असताना बघायचं, सुरू करून ठेवू नका, असं आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं. पोचलो तर बॉनेट गरम. “धुवायला बाहेर काढली होती,” एजंट म्हणाला. मी आंब्याखाली खुर्ची मागून घेतली आणि दोन तास बसलो. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या अर्ध्या मिनिटात जे आवाज करतं, जो धूर सोडतं, ते गरम झाल्यावर लपतं. या गाडीनं धूर सोडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मग खाली वाकलो. गोव्यात गाडी कमी चालली म्हणजे चांगली राहिली असं लोक धरून चालतात, पण समुद्राकाठी दोन-दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचं उलट होतं. ब्रेक डिस्कवर गंजाचे खड्डे, सायलेन्सरच्या क्लॅम्पचे पापुद्रे निघालेले, जॅक लावायच्या जागी रंग फुगलेला. डिकीतला गालिचा उचलला तर स्टेपनीच्या खळग्यात पाणी. टायरांची नक्षी भरपूर होती. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन टायरांवर १२१८, चौथ्यावर ३५२१. तीन टायर गाडीइतकेच म्हातारे, आणि चौथा का बदलला ते सांगायला कुणी नाही. त्याच बाजूच्या मडगार्डच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे ते कधीतरी खोललं होतं.

भाच्याच्या मित्रानं स्कॅनर आणला होता. एकही फॉल्ट नाही! एजंट हसला. मित्रानं दुसरं पान उघडलं. गाडीचा कॉम्प्युटर प्रदूषणाशी संबंधित भागांच्या चाचण्या चालता चालता स्वतःच घेत असतो, त्यातल्या बहुतेक ‘अपूर्ण’ होत्या. म्हणजे अलीकडेच बिघाडाचे कोड पुसले होते किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी उतरली असेलही, उभ्या गाडीची उतरतेच. पण मग एजंट सांगत होता ते “रोज चालवतो” खोटं. अशा गाड्यांचा कॉम्प्युटर रिमॅप करून, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलून, ताकद वाढवतात आणि विकताना मूळ प्रोग्रॅम परत घालतात. ते साध्या स्कॅनरवर दिसत नाही, म्हणून सर्व्हिसची बिलं मागितली. दोनच निघाली. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ६० हजारांवर बदलायचं, ते अजून लांब होतं. ब्रेक ऑइल मात्र किलोमीटर कितीही होवोत, साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. हवेतली ओल ते शोषून घेतं आणि ओल शिरलेलं तेल लवकर उकळतं. ते बदलल्याची नोंद कुठंच नव्हती. अशी गाडी घेऊन कुणी चोर्ला घाट जोरात उतरला तर तापलेल्या ब्रेकमधलं तेल उकळून पेडल तळाला जाऊ शकतं आणि गाडी थांबणार नाही.

“म्हापशात रॅम्पवर चढवून खालून बघू, खर्च आमचा,” मी म्हटलं. एजंटचं उत्तर ठरलेलं: आधी ५० हजार टोकन, मग रॅम्प. आम्ही उठलो. आपल्या वाचकांना माझं एवढंच मागणं आहे की रॅम्पआधी टोकन देऊ नये. जो विक्रेता तासाभरासाठी गाडी सोडत नाही, त्याला गाडीखाली काय आहे ते ठाऊक असतं.

भाचा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. चवथ झाली, आरतीला आला, तेव्हा समजलं की ती लाल गाडी त्याच आठवड्यात गेली. घेणारा साष्टीतला आहे म्हणतात. त्यानं निदान ब्रेक ऑइल तरी लगेच बदलून घ्यावं, म्हणून हे पत्र.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, फोंडा