आमच्या फुलचोर काकांना

काका, सादर नमस्कार.

आमच्या सोसायटीत तुमचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आई तुम्हाला ‘फुलचोर’ म्हणते. रोज सकाळी साडेसहाला कुंपणाबाहेरून छत्रीची मूठ अडकवून तुम्ही जास्वंदीची फांदी खाली ओढणार आणि आई खिडकीतून ओरडणार, ही कोथरूडमधल्या आमच्या गल्लीची भूपाळी. तुमचे आभार मानायची वेळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. बाग जाणार. “झाडं नाही तर नाही, फोटो तरी नीट काढून ठेव,” आई म्हणाली आणि माझी फजिती सुरू झाली. लाल जास्वंद माझ्या फोनमध्ये नुसता कुंकवाचा डाग दिसायची. ना पाकळी, ना शीर. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात काढलेल्या फोटोंचीही हीच गत होती म्हणा, पण तिथे कुणाचा जीव अडकला नव्हता. अडीच हजार भरून एका कार्यशाळेला गेलो. तिथल्या सरांनी माझा फोन मेलेल्या झुरळासारखा दोन बोटांत उचलला, “आधी मॅक्रो लेन्स घ्या” म्हणाले आणि उरलेला वेळ स्वतःच्या लडाख सहलीचे फोटो दाखवले. मोठा कॅमेरावाला मावसभाऊ “या रविवारी नक्की” म्हणत राहिला. तो रविवार अजून यायचाय.

मग श्रावणातल्या एका सकाळी कुंपणापलीकडून तुमचा आवाज आला. “लाल रंग लबाड असतो हो. उजेड कमी करा.” स्टुडिओच्या डार्करूममध्ये तुमची उमेदीची वर्षं गेली, हे मला नंतर कळलं. फुलावर बोट टेकवून स्क्रीनवरचा तो छोटा सूर्य खाली ओढायचा, फोन फुलाच्या नाकाला लावायचा नाही, वीतभर मागे यायचं, दहाच्या उन्हाच्या वाटेला जायचंच नाही. आणि मागच्या स्कूटर दिसू नयेत म्हणून तुम्ही तुमची काळी छत्री उघडून फुलामागे धरलीत. केसरदांड्याच्या टोकाशी पाच मखमली टिंबं असतात, हे या झाडाखाली वाढूनही मी पहिल्यांदा पाहिलं.

पण पत्र त्यासाठी नाही, काका. त्यानंतर आठवडाभर तुम्ही रोज आलात आणि एकही फूल तोडलं नाहीत. जास्वंद एका दिवसाची पाहुणी, संध्याकाळी मिटली की संपली. तुम्ही न नेलेलं प्रत्येक फूल तुमच्या गणपतीचं गेलं. मला ते चौथ्या दिवशी लक्षात आलं, तुमच्या खिशातली घडी केलेली पिशवी बघून. विचारलं तर म्हणालात, “तुमचं होऊ द्या. त्याला आठ दिवस दूर्वा चालतील.”

मला तिथे काही बोलताच आलं नाही. खरं तर अजूनही नीट येत नाहीये. कुठल्याशा सोसायटीच्या झाडासाठी, रोज शिव्या घालणाऱ्या बाईसाठी कोण एवढं करतं?

फोटो मोठे करून आणले. आईने चष्मा लावून एकेक पाहिला, मग विचारलं, “छत्री कुणी धरली होती?” एका कोपऱ्यात तार दिसत होती. सांगितलं. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जास्वंदीची फांदी तिरकी छाटून कुंडीत खोचली. आता तिला दोन पानं फुटलीत. कुंडी फाटकाच्या आत ठेवली आहे. छत्री नको, बेल वाजवून या.