कोळंबी नूडल्सना महागडी बाटली कशाला?

संपादक महोदय,

पुरवणीतली ‘झटपट’ कोळंबी नूडल्सची कृती वाचली. त्यासाठी पीनट बटरची बाटली कशाला हवी? इंडोनेशियात गाडो-गाडोवर (उकडलेल्या भाज्यांच्या सॅलडवर) जो सॉस घालतात, त्यात मुख्यतः शेंगदाणे, चिंच, गूळ, मिरची असते. सगळं आपल्या फडताळातलं! मी ऑफिसातून आल्यावर दाण्याचं कूट तेल सुटेपर्यंत मिक्सरमधून फिरवते. त्यात चिंचेचा कोळ, गूळ, ठेचलेली लसूण-मिरची आणि चमचाभर सोया सॉस. मीठ चाखूनच घालावं. नूडल्स उकडलेलं पाणी फेकू नये, त्यानेच सॉस सैल करावा.

कोळंबीचा काळा दोरा काढून, ती पुसून कोरडी करून मोठ्या आचेवर परतायची. अर्धगोल झाली की लगेच उतरवायची. पूर्ण वेटोळं झालं म्हणजे वातड झालीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा मी सोडे (सुकवलेली कोळंबी) भिजवून घालते. सासूबाई नाक मुरडतात, पण ताटलीत काही उरत नाही.

आणखी एक विनंती. शेंगदाणा आणि कोळंबी, दोन्हींची अ‍ॅलर्जी असू शकते. अशा कृतीखाली तेवढी एक ओळ छापत जा.

– एक नोकरदार वाचक, ठाणे