न्यूरेंबर्गच्या चित्राखालचा मजकूर पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

१४ एप्रिल १५६१ ला जर्मनीत न्यूरेंबर्गवर एलियन्सची लढाई झाली, असले मेसेज सारखे फिरत असतात, सोबत ते जुनं रंगीत चित्र असतं पण त्याखाली काय लिहिलंय ते कोणीच सांगत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. ते हान्स ग्लेझरने छापलेलं पत्रक आहे, आज झुरिकच्या ग्रंथालयात आहे. पहाटे सूर्यापाशी लाल, निळसर, काळे गोळे, क्रॉस आणि लांब नळ्या दिसल्या, तासाभराहून जास्त वेळ एकमेकांवर तुटून पडल्या, मग धूर होत खाली आल्या, आणि शेवटी भाल्यासारखा एक काळा आकार दिसला, असं त्यात आहे. पण ग्लेझरच्या मते हा देवाचा इशारा, लोकांनी पश्चात्ताप करावा!

यातलं बरंचसं निसर्गाचा खेळ असू शकतं: हवेतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना साधारण २२ अंशांवर खोटे सूर्य दिसतात, कधी रिंगा आणि क्रॉसही. धुराचा उलगडा त्याने होत नाही हे मान्य, तिथे मला वाटतं भीती आणि ऐकीव गोष्टी मिसळल्या असाव्यात. तुमच्या पुरवणीत हे चित्र कधी घेतलंत तर प्लीज खालचा मजकूर मराठीत पूर्ण द्या, मुलं आवडीने वाचतील.

– एक वाचक