मोजमाप शरीरातलेही हवे

महोदय,

हवा, पाणी आणि माती यांतील प्रदूषकांचे आकडे प्रसिद्ध होत असतात. पण त्यांतले नेमके किती रसायन माणसाच्या अंगात मुरले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. एकच घटक श्वासातून, अन्नातून आणि घरातल्या धुळीतूनही येत असतो, आणि या सर्व वाटांची बेरीज रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीतच दिसते. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातील शिसे मोजले गेले, तेव्हा पेट्रोलमधील शिशाचा वापर घटत गेला तसे रक्तातील सरासरी प्रमाणही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. ही घट आधीच्या अंदाजांपेक्षा मोठी होती, आणि शिसेमुक्त पेट्रोलच्या बाजूने तो भक्कम पुरावा ठरला.

अर्थात, रसायन सापडले म्हणजे आजार झाला असे नव्हे; बातम्यांचे मथळे हा फरक अनेकदा विसरतात. प्लास्टिक बनवताना वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए हे रसायन काही तासांतच लघवीवाटे बरेचसे निघून जाते, तर नॉन-स्टिक भांडी, पाणी न धरणारे कापड अशा वस्तूंत वापरल्या जाणाऱ्या पीएफएएस गटातील काही रसायने रक्तात वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे एकाच नमुन्याचा अर्थ दोन्हींसाठी सारखा लावता येत नाही. म्हणूनच अशी पाहणी लहान मुले आणि गर्भवती यांच्यासह ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा व्हावी, आणि नमुना देणाऱ्यांना निष्कर्ष समजेल अशा भाषेत कळवावेत. नुसता आकडा हाती देऊन त्यांना वाटेला लावणे मला तरी अन्यायाचे वाटते.

— एक वाचक