सुकाणू पुन्हा हातात देणाऱ्यांना
बायपासनंतर परवा पुन्हा शिडाच्या होडीत बसलो. ७४व्या वर्षी, मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाने. ज्यांच्यामुळे हे घडलं त्यांतल्या बहुतेकांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून इथेच मनापासून आभार मानतो.

भर पावसात घाटातून ॲम्ब्युलन्स नेणारे चालकदादा. रक्त देऊन चहाही न घेता निघून गेलेली मुलं. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवणाऱ्या सिस्टर. छातीचं हाड तारेने बांधलेलं, साधा खोकला आला तरी जीव कासावीस व्हायचा, तेव्हा तुमचा हात पाठीवर असायचा. हाड नीट जुळेपर्यंत दोर ओढायचा नाही, असं दरडावून सांगणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई.

आणि मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची पोरं! शीड तुम्ही चढवलंत, सुकाणू मात्र माझ्या हातात दिलंत. वायव्येचा वारा भरला, होडी कलली, तसा तुमच्यातला एक न सांगता वरच्या अंगाला जाऊन बसला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना मला खरचटून चालत नाही, म्हणून हातमोजेसुद्धा आणलेत. कोणी सांगितलं होतं हो तुम्हाला? हे उपकार फेडणं मला जमायचं नाही. नारळी पौर्णिमेला सगळे घरी या, नारळीभात खायला.