भाद्रपद प्रतिपदेला नामदेवांचे एक पद छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा आपल्याकडे गणपतीच्या खरेदीत आणि मखराच्या गडबडीत कधी निघून जाते कळत नाही. शीख बांधवांसाठी तो 'पहिला प्रकाश'. १६०४ साली या तिथीला अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात (सुवर्णमंदिरात) आदि ग्रंथाची, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथ साहिबाची, स्थापना झाली. रामसर सरोवराकाठी पाचवे गुरू अर्जन देव यांनी बाणी, म्हणजे गुरूंची व संतांची पदे, निवडली, भाई गुरदासांनी ती लिहून काढली आणि बाबा बुढ्ढाजी पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचे पठण आणि सेवा करणारे, झाले.

'प्रकाश' म्हणजे ग्रंथाचे प्रकाशन, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. तसे नाही. पहाटे रुमाले (ग्रंथावर पांघरलेली वस्त्रे) दूर करून ग्रंथ आदराने उघडणे म्हणजे प्रकाश आणि रात्री तो मिटून विश्रांतीला नेणे म्हणजे सुखासन. गुरुद्वाऱ्यात हे रोज घडते. १६०४ चा प्रकाश पहिला, म्हणून त्याचा उत्सव.

मी नांदेडचा. दशम गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये याच ग्रंथाला गुरुगादी दिली, हे इथे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे ठाऊक असणारे फार थोडे भेटतात आणि ती वाचलेले त्याहून थोडे. मला याचे मनापासून वाईट वाटते.

रामकली रागातले एक पद पाहा: 'आनीले कागदु काटीले गूडी'. आणिले, कापिले! गुरुमुखीत लिहिलेली ही ओळ मराठी कानाला लगेच ओळखीची वाटते. कागद आणला, कापून पतंग केला, तो आभाळात चढला. पोरगा सवंगड्यांशी गप्पा मारतो आहे, पण चित्त दोरीत. पुढे गाय येते, पाच कोसांवर चरणारी, जीव वासरात अडकलेली. असे मन नामाशी जडावे, असे नामदेव सांगतात. आसा रागात तर ते मनाला कापड मोजायचा गज आणि जिभेला कात्री म्हणतात. शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसालाच हे सुचणार.

२०१५ मध्ये साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरले, तेव्हा या पदांवर भरभरून बोलले गेले. नंतर तो विषय मागे पडला.

म्हणून विनंती आहे की दरवर्षी या तिथीला आपल्या अंकात त्यांतले एक पद छापावे. रागाचे नाव द्यावे, कोणत्या 'अंगा'वर आहे तेही द्यावे (या ग्रंथाच्या पानाला अंग म्हणतात, एकूण १४३०) आणि खाली साध्या मराठीत अर्थ. सुरुवात पतंगाच्या पदापासून झाली तर मुलेही वाचतील.

आपला,
एक वाचक, नांदेड