वाढलेला ट्यूमर मार्कर म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी टिळकवाडीत राहून अमेरिकेतील रुग्णालयांच्या कागदपत्रांचे मेडिकल कोडिंग करते, म्हणजे त्यांतील निदानांना ठरावीक सांकेतिक क्रमांक (कोड) देते. त्या सवयीमुळे आपल्या भागातील केस पेपर नजरेखालून गेले की एक गोष्ट खटकते. सीए-१२५ किंवा पीएसए अशा ट्यूमर मार्करचा (कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या घटकाचा) आकडा मर्यादेबाहेर आला की निदानाच्या रकान्यात ‘कॅन्सर?’ असे लिहिले जाते. पुढे डिस्चार्ज कार्ड टाइप होताना किंवा क्लेमचा अर्ज भरताना ते प्रश्नचिन्ह गळून पडते आणि जिची बायोप्सीही झालेली नाही अशी बाई कागदोपत्री कर्करुग्ण ठरते.

सीए-१२५ची मर्यादा सर्वसाधारणपणे मिलिलिटरला ३५ युनिट धरतात. पण गर्भाशयातील फायब्रॉइडच्या साध्या गाठी, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे), पोटाचा क्षयरोग, इतकेच काय पाळी आणि गरोदरपणातही ती ओलांडली जाऊ शकते. पीएसए पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीत किंवा लघवीच्या जंतुसंसर्गातही वाढतो. सीईए हा आणखी एक मार्कर तर धूम्रपान करणाऱ्यांत एरवीच थोडा जास्त आढळतो. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यातील डॉक्टरांना हे सांगायला नको, तरीही ‘रुग्ण विडी ओढतो’ ही ओळ रिपोर्टसोबत माझ्या तरी क्वचितच पाहण्यात आली.

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीच्या अमेरिकी आवृत्तीत वाढलेल्या मार्करसाठी आर९७ हा स्वतंत्र गट आहे. वाढलेल्या सीईएला आर९७.०, सीए-१२५ला आर९७.१, पीएसएला आर९७.२० आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरील उपचारानंतर पुन्हा चढू लागलेल्या पीएसएला आर९७.२१ असे कोड आहेत. ओपीडीच्या नोंदीत ‘संशयित’ असलेले निदान पक्के समजून कोड करायचे नाही, हा तिथला नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०मध्ये मात्र आर९७ नाही (तिथे त्या आसपासचे कोड अज्ञात कारणाने झालेल्या मृत्यूंसाठी आहेत!), त्यामुळे हा कोड सरसकट उसना घेऊन आपले काम भागणार नाही, डॉक्टरांनी शब्दांत काय लिहिले, यावरच सारे अवलंबून राहते.

संशय लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. तो जरूर लिहावा, परंतु मार्कर कोणता, आकडा व एकक काय, तपासणी कोणत्या लॅबमध्ये आणि कशासाठी केली, पूर्वी कर्करोग झाला होता का आणि पुढे काय करायचे ठरले, हेही त्यासोबत यावे. लॅबचे नाव विशेष महत्त्वाचे, कारण आपल्याकडील रुग्ण पहिली तपासणी बेळगावात आणि दुसरी मिरजेत किंवा कोल्हापुरात करून घेतो, आणि वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

चुकीच्या नोंदीचा फटका विमा घेताना बसतो. पूर्वीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लावण्याची मुभा विमा कंपन्यांना आहे, आणि ‘कॅन्सर’ असा शिक्का असलेला जुना कागद समोर आला की तो आजार कधी नव्हताच, हे सिद्ध करण्याची धावपळ रुग्णाच्याच वाट्याला येते. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णाने मागणी केल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. कुटुंबीयांनी त्या घेऊन निदानाचा रकाना वाचावा आणि चूक दिसल्यास लेखी दुरुस्ती मागावी.

जिल्ह्यातील सरकारी व खासगी रुग्णालयांना विनंती आहे की, निदानापुढे प्रश्नचिन्ह असेल तर रेकॉर्ड विभागातील कर्मचाऱ्याने ते स्वतः निकालात न काढता कागद डॉक्टरांकडे परत पाठवावा.

आपली,
एक मेडिकल कोडर, टिळकवाडी, बेळगाव